खिचडीचा हिशेब आणि जात्यावरचे कोडे

रात्रीला काय करायचे, हा प्रश्न घराघरांत रोज विचारला जातो. आपल्या खानदेशात त्याचे उत्तरही पुष्कळदा ठरलेले असते : खिचडी. विचारणारीला उत्तर माहीत असते, सांगणाऱ्यालाही माहीत असते, तरी प्रश्न विचारल्यावाचून चूल काही पेटत नाही. पण ह्याच जिन्नसांचा हिशेब साडेआठशे वर्षांपूर्वी एका मोठ्या गणितग्रंथात घातला गेला आहे, असे सांगितले तर तुम्हांला थोडे नवल वाटेल. तो ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये आचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला, त्यातला हा पहिला भाग. तेव्हा त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते.

त्या ग्रंथात एक वाटसरू वाण्याच्या दुकानाशी येतो. एका द्रम्माला तांदूळ साडेतीन मापे मिळतात आणि मूग आठ मापे. वाटसरूजवळ तेरा काकिणी आहेत. तो म्हणतो, बाबा, हे एवढे घे आणि दोन भाग तांदूळ नि एक भाग मूग असे झटपट बांधून दे. पटकन जेवून निघायचे आहे, बरोबरचा तांडा पुढे चालला. आता वाण्याने त्याला किती तांदूळ द्यावेत आणि किती मूग?

खिचडी हा शब्द तिथे नाही, हे खरे. पण दोन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ, त्यात जेवणाची घाई, हे सगळे ऐकल्यावर कोणत्या गृहिणीला पातेले दिसणार नाही? तेव्हाचे कोष्टक असे : चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, म्हणजे द्रम्माच्या चौसष्ट काकिणी झाल्या. हिशेब केला की तांदूळ एका मापाचा बारा भागांतला सात भाग येतो आणि मूग त्याच्या बरोबर निम्मा. तांदळाचे झाले दहा पूर्णांक दोन तृतीयांश काकिणी, मुगाचे दोन पूर्णांक एक तृतीयांश. बेरीज करून पाहा, बरोबर तेरा. वाटसरूचा एक कवडाही वाया गेला नाही आणि वाण्यालाही खोट बसली नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम पहिले घेतले. आजकाल रोज सकाळी मोबाइलवर एक ना एक प्रश्न येऊन पडतो. अमुक देशाची राजधानी कोणती, तमुक खेळाडूच्या धावा किती. घरातली मुले उत्तर देतात, मोठी माणसे कौतुक करतात, आणि दुपारपर्यंत प्रश्नही विसरला जातो आणि उत्तरही. रोज प्रश्न विचारण्याची ही हौस आपल्याकडे नवी नाही. ती फार जुनी आहे. बदलले आहे ते एवढेच, की प्रश्न कशाविषयी विचारायचा. पूर्वीचा प्रश्न घरातून उठत होता आणि घरातच मुरत होता. त्याचा आपल्या जळगाव-धुळ्याकडचा इतिहास काय, तो आज पाहू.

भास्कराचार्यांचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. आचार्यांचे जन्मगाव नेमके कोणते ह्यावर विद्वानांचे वाद आहेत, ते बाजूला ठेवू. पण चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे जुने ठिकाण आहे. आपण त्याला पाटणादेवी म्हणतो. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. त्यात आचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिलेली आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव यादवराजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकले-शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्या मठाला दाने दिली. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत आहेत. म्हणजे शास्त्राचे कौतुक संस्कृतात झाले आणि मठ चालायचा कसा, हा व्यवहार लोकांच्या भाषेत लिहिला गेला. ही वाटणी मोठी बोलकी आहे, नाही का?

तेव्हा कल्पना करा, तेराव्या शतकात आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी विद्यार्थी बसले आहेत आणि गुरुजी त्यांना विचारीत आहेत : एका द्रम्माला तीनशे आंबे, एका पणाला तीस डाळिंबे. कोणाला विचारीत आहेत : नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी बीळ आहे, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला; मोराने तिरकी झेप घेतली, दोघांची चाल सारखी, तर बिळापासून किती हातांवर मोराने त्याला गाठले? (उत्तर बारा हात.) आचार्यांना नुसते आकडे देऊन हे सगळे शिकवता आले नसते का? आले असते. पण आंबे, डाळिंबे, मूग, तांदूळ, भुंगे, कमळे ही सारी विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलेली. पाहिलेल्या वस्तूवर प्रश्न घातला की डोके आपोआप चालू लागते, हे त्या थोर माणसाने ओळखले होते.

‘लीलावती’ म्हणजे आचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडल्यामुळे तिच्या लग्नाची वेळ टळली, आणि तिच्या समाधानासाठी बापाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. इतिहास म्हणून ती धरता येत नाही. अकबराच्या आज्ञेने फैजीने १५८७ साली ह्या ग्रंथाचे फार्सी भाषांतर केले, त्याच्या आरंभी ती येते. मूळ ग्रंथात नाही. पुढे १५९१ मध्ये हाच फैजी बादशहाचा वकील म्हणून बऱ्हाणपूरच्या फारुकी दरबारात आला, म्हणजे त्या काळच्या खानदेशच्या राजधानीत. गोष्ट खरी असो वा नसो, लोकांना ती पटली एवढे नक्की. प्रश्न विचारायचा तो घरातल्या माणसाला, आणि पुष्कळदा घरातल्या बाईला, ही कल्पना लोकांच्या मनात पक्की बसलेली होती. ग्रंथातही आचार्य मधूनमधून ‘बाले’ अशी हाक मारतात, ती काही उगीच नव्हे.

हा झाला पोथीतला प्रश्न. दुसरा प्रवाह पोथीबाहेरचा, आणि तो ह्याहून जुना असावा. ‘लीलावती’च्या सुमारे वीस वर्षे आधी कल्याणीचा चालुक्यराजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. स्वयंपाकापासून हत्ती पकडण्यापर्यंत सर्व काही त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात, असे त्यात स्पष्ट नमूद केलेले आहे. आणि त्याच ग्रंथात राजाने करमणुकीसाठी खेळायच्या खेळांत प्रहेलिका, म्हणजे कोडी, ह्यांनाही जागा दिली आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहेच. दंडीने तर ‘काव्यादर्शा’त तिचे सोळा प्रकार सांगितले. राजाने कोडे घातले की ती कला झाली. कांडणाऱ्या बाईने घातले की तो वेळ घालवण्याचा चाळा झाला. नोंद कोणाची राहिली, ते वेगळे सांगायला नको.

पण जात्याजवळच्या ह्या प्रश्नांना नावे मात्र जागोजाग निरनिराळी आहेत, ह्यावरूनच ते किती घरचे होते ते कळते. देशावर कोडे म्हणतात, कोकणात हुमाण, आणि आपल्या अहिराणीत आन्हा. ‘उखाणा’ हा शब्द तर आणखी गमतीचा. आपण उखाणा म्हणतो तो नवऱ्याचे नाव घेण्याला. शेजारच्या गुजरातेत ‘उखाणुं’ म्हणजे सरळ कोडे. खानदेश हा मराठी, गुजराती, भिल्ली आणि माळव्याच्या बोलीच्या नाक्यावर बसलेला मुलूख. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत खानदेशीची नोंद १९०७ साली भिल्ली बोलींच्या खंडात झाली. नाक्यावरच्या गावी शब्दांचे दोन्ही अर्थ ये-जा करतात.

आणि विचार केला तर नाव घेणे हेही कोडेच. नवी सून उंबऱ्यावर उभी, नणंदा आडव्या, नाव घेतल्याशिवाय आत सोडायचे नाही. नाव तर सगळ्या गावाला ठाऊक असते. पण ते तोंडाने सरळ उच्चारायचे नाही असा दंडक. मग ती ते यमकात दडवते, ताटाच्या, फुलांच्या, नदीच्या आडून पुढे सरकवते. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारायचा, आणि ते उत्तर कसे येते एवढेच पाहायचे. बाईची अक्कल, तिचा धीर, तिचा आवाज, सगळ्यांची परीक्षा त्या एका ओळीत होऊन जायची.

आता जात्याकडे वळू. पहाटे तीन-चारचा सुमार. दोघीजणी समोरासमोर बसल्या आहेत, खुंटा दोघींच्या हातांत, दादर ज्वारीचा घास मधूनमधून तोंडात पडतो आहे. ओवी चालू आहे. ओवी थांबली की गप्प बसून दळण सरत नाही, मग प्रश्न सुरू होतात. वरून खाते नि भोवताली सांडते, पोट कधी भरत नाही, ते काय? उत्तर दोघींच्या मधोमध फिरत असते. एकाच घरातले दोघे : एक चांगले ठेवतो नि वाईट फेकतो, दुसरी वाईट ठेवते नि चांगले गाळून टाकते. कोण ते? एक सूप, दुसरी चाळणी. दार नाही, खिडकी नाही, असे घर कोणते? अंडे. एवढासा जीव, पण धनी गावाला गेला की सगळ्या वाड्याची राखण करतो. कुलूप.

जन्मात एकदाच बाळंत होते नि मरून जाते, पण पायाशी पिले ठेवून जाते, ती कोण? रावेर-यावलकडच्या पोराला हे विचारा, तो लगेच सांगेल, केळ. केळीचे खोड एकदाच निसवते, घड उतरला की तिचे काम संपले. बुडाशी आलेल्या पिलांवर पुढची बाग उभी राहते. तिला आपले शेतकरी पिलबाग म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हीच गोष्ट पानभर लागेल. कोड्यात ती एका ओळीत आली, आणि आलीच ती बाईच्या बाळंतपणाच्या अंगाने.

ह्या प्रश्नांचा एक नियम तुमच्या ध्यानात आला असेल. उत्तर नेहमी घरातले, शेतातले, गोठ्यातले. लांबचे, न पाहिलेले कधी विचारायचे नाही. कारण उत्तर सांगून ‘हरलास’ म्हणायचे तर समोरच्याने ती वस्तू पाहिलेली हवी, नाही तर हरण्यात काय मौज? उत्तर ऐकल्यावर ‘अरे, हे तर रोजच समोर होतं’ असे वाटले पाहिजे. म्हणूनच ह्या कोड्यांनी मुलांना एक सवय लावली : रोजची वस्तू पुन्हा एकदा नीट पाहायची. चाळणीकडे जन्मभर पाहूनही ती वाईट तेवढे आपल्याजवळ ठेवते, हे कोणाच्या लक्षात येते? प्रश्न विचारला म्हणजे येते.

ही पाहण्याची सवय साध्या माणसांपुरती राहिली असे समजू नका. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे. पाटणच्या ज्योतिषी चांगदेवाशी ह्याचा संबंध नाही बरं का; हा योगी चांगदेव. परंपरा सांगते की ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला तो बसला, पण मायना काय लिहावा हेच त्याला सुचेना. ज्ञानदेव वयाने लहान, ज्ञानाने थोर. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? शेवटी त्याने कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईने तो पाहिला आणि चौदाशे वर्षे जगून हा अजून कोराच राहिला, असे म्हणाली. ज्ञानेश्वरांनी त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. प्रश्न एकही अक्षर न लिहिता विचारला गेला आणि उत्तर पासष्ट ओव्यांचे आले!

त्याच मुक्ताबाईच्या नावावर कूट अभंग आहेत. मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते, अशा अशक्य वाटणाऱ्या गोष्टी त्यांत येतात. विद्वान त्यांचा अध्यात्मपर अर्थ लावतात, तो लावावाच. पण साहित्य कुठले आहे पाहा : मुंगी, माशी, विंचू. सगळी घरातली, चुलीपाशी फिरणारी. ज्या मुलीने भाजायला खापर मिळेना म्हणून भावाच्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा लोक सांगतात, तिने ब्रह्मज्ञानाचे कोडेही स्वयंपाकघरातूनच उचलले. इ. स. १२९७ मध्ये मुक्ताबाई तापीकाठी मेहूणजवळ वीज कडाडली असता अंतर्धान पावली, असे वारकरी मानतात. आज मुक्ताईनगरला आणि कोथळीला तिच्या नावाने यात्रा भरते. मांडे आजही आपल्याकडे खापरावरच होतात.

मधली सहाशे वर्षे ओलांडून आता आपल्या अगदी जवळच्या काळात येऊ. जळगावजवळच्या असोद्याला २४ ऑगस्ट १८८० रोजी महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आली. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, चुलीपाशी, जात्यावर ती गाणी रचायची, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातले इतर कोणी ती कागदावर उतरवून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला.

थक्क झाला तो शब्दांनी, असे आपण म्हणतो. मला वाटते, त्यामागे जात्यावरच्या प्रश्नांची जुनी तालीम होती. बहिणाबाईंचे एक गाणे आठवा, त्यात कशाला काय म्हणू नये ते त्या एकामागून एक सांगत जातात. कापूस नसेल तर बोंडाला बोंड म्हणायचे का? अशा चालीने एकेक वस्तू घेऊन तिचा खरा गुण कोणता, तो गेला तर ती वस्तू राहते का, हे त्या विचारतात. हे उलटे कोडेच नाही का? कोड्यात गुण सांगून नाव विचारतात. इथे नाव घेऊन गुण विचारला आहे. मनावरच्या गाण्यातही तेच. दिसत नाही ते मन, त्याला दिसणाऱ्या ढोराची, वाऱ्याची, विंचवाची रूपे देऊन ओळखायला लावायचे. हे शिकायला त्या कोणत्या शाळेत गेल्या होत्या?

बहिणाबाई गेल्या त्याच वर्षीची, १९५१ ची जनगणना पाहिली तर उत्तर मिळते. साऱ्या भारतात शंभर बायकांमागे साक्षर नऊसुद्धा भरल्या नाहीत, आकडा ८.८६ टक्के होता. म्हणजे शंभरांतल्या एक्याण्णवजणींना जी काही विद्या मिळाली ती शाळेबाहेर मिळाली. आईने विचारलेल्या प्रश्नांतून, सासूने घातलेल्या कोड्यांतून, ओव्यांतून, कहाण्यांतून. त्या विद्येला परीक्षा होती, पण दाखला नव्हता. तिची कोणी नोंद ठेवली नाही, आणि नोंद नाही म्हणून ती विद्याच नव्हती, असे आपण फार काळ समजत आलो. बहिणाबाईंच्या घरात एक लिहिणारा मुलगा होता, म्हणून एक बहिणाबाई आपल्याला मिळाली. ज्यांच्या घरात असा मुलगा नव्हता, त्या किती असतील?

दैव एवढे चांगले, की हा तोटा काहींना वेळेवर दिसला. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाची देखरेखही पाहत. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित स्वतः लिहून काढीत. रोज सकाळी ताजे. बाहेरच्या जगातली माहिती, थोरांचे विचार, आणि छात्रालयातल्या साध्यासाध्या गोष्टीही त्यांत असत. ज्ञान आणि घरगुती जगणे एकाच कागदावर, रोजच्या रोज. पुढे ह्याच गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने लिहून घेणारा हात आणि जात्यावरच्या ओव्या टिपणारा हात एकच होता. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच आदराने लिहिल्या.

त्यानंतर दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मराठीत रुजवला, आणि भारतीय जीवनातल्या कोड्यांवर १९६५ मध्ये इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या मार्फत खेड्यापाड्यांतून गाणी, कहाण्या, चालीरीती जमवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याकडे जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. हे सारे काम डोंगराएवढे आहे. तरी गावोगाव बोलल्या गेलेल्या प्रश्नांपुढे ते मूठभरच.

आता हे प्रश्न गेले कुठे? कोणी त्यांना हाकलले नाही. गावात पिठाची गिरणी आली, आधी तेलाच्या इंजिनाची, मग विजेची. बायकांच्या हातांचे घट्टे गेले, पहाटेची झोप मिळू लागली. ह्याबद्दल कोणी हळहळू नये. हळहळणाऱ्याने आधी आठ दिवस पायलीभर दळून पाहावे आणि मग बोलावे. पण गिरणीने दळण नेले, तसे दोघींचे समोरासमोर बसणेही नेले. गिरणीच्या आवाजात कोडे घालता येत नाही. लग्नात हळदीला जाते अजून पुजतात, पाच सुवासिनी हात लावतात, एखादी ओवी होते. तेवढ्याने प्रश्नांचे दळण कसे व्हायचे?

नुकसान नेमके कुठे झाले आहे, ते नीट पाहिले पाहिजे. ‘वरून खाते नि भोवताली सांडते’ हे कोडे आजच्या मुलाला घाला. तो हुशार आहे, राजधान्या पाठ आहेत, पण त्याला उत्तर येणार नाही. त्यात त्याचा काही दोष नाही. त्याने जाते फिरताना पाहिलेलेच नाही. म्हणजे कोडे कागदावर उतरवून ठेवले तरी ते अर्धेच राहते. उत्तराची वस्तू हरवली की प्रश्न मुका होतो. ‘लीलावती’तल्या द्रम्म-काकिणीचे तसेच झाले. कोष्टक कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून साडेआठशे वर्षांपूर्वीच्या वाटसरूचे जेवण आपल्याला आज मोजता आले. कोष्टक नसते तर तेरा काकिणी म्हणजे किती, हे कोणी सांगितले असते?

म्हणून जुन्या प्रश्नांचे संग्रह करताना त्यांचे कोष्टकही लिहायला हवे. उखळ कसे असे, मुसळाला लोखंडाची वसवी का बसवीत, सुपात पाखडताना हात कसा हलवायचा, बिबडे कोणत्या उन्हात घालायचे, कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती. आखाजीला माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसून एकमेकींना काय विचारीत. कानबाईच्या रोटाचे गहू दळताना काय गात. हे ज्यांना ठाऊक आहे अशा बायका घराघरांत आहेत, आणि त्यांचे वय वाढत चालले आहे.

माहितीच्या प्रश्नांना मी नावे ठेवतो आहे असे समजू नका. मुलांना जगाची माहिती हवीच. इ. स. २००० पासून दूरचित्रवाणीवर मोठमोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषा सुरू झाल्या, त्यामुळे खेड्यातल्या घरांतही जेवताना प्रश्नोत्तरे रंगू लागली, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. राजधानीचे नाव ज्याला माहीत आहे तो जिंकतो, ज्याला माहीत नाही तो विचार करूनही जिंकत नाही. सूप आणि चाळणीचे तसे नाही. तिथे न शिकलेली म्हातारी आणि शाळेतला नातू एकाच पायरीवर उभे असतात. कित्येकदा म्हातारीच पुढे असते. ज्या घरात असा प्रश्न रोज एक तरी विचारला जातो, त्या घरातल्या अडाणी माणसालाही मान राहतो. हा मान पुस्तकाने मिळत नाही आणि बक्षिसानेही मिळत नाही.

तेव्हा मोबाइलवर सकाळी प्रश्न आला, तर मुलांनी जरूर सोडवावा. पण संध्याकाळचा प्रश्न घरातल्या सर्वांत वयस्कर बाईने विचारावा, असे ठरवून टाका. पहिल्या दिवशी ती म्हणेल, ‘मला काय येतं? आता कुठं आठवतं?’ दुसऱ्या दिवशी दोन आठवतील. तिसऱ्या दिवसापासून वही कमी पडेल. मुलाने लिहून घ्यावे : प्रश्न, उत्तर, आणि त्याखाली ती वस्तू कशी होती ते. जमल्यास तिच्याच बोलीत, अहिराणी असेल तर अहिराणीत, लेवा बोली असेल तर तिच्यात. शुद्ध करायच्या भानगडीत पडू नये. सोपानदेवांनी आईची बोली बदलली असती, तर आज आपल्या हाती काय राहिले असते?

आणि एक प्रश्न मीही तुमच्याकडे सोपवून ठेवतो. पाटणच्या मठातल्या विद्यार्थ्यांनीही तो सोडवला असेल. एका द्रम्माला तीनशे आंबे मिळतात, एका पणाला तीस डाळिंबे मिळतात. सोळा पणांचा द्रम्म, हे वर सांगितलेच आहे. तर दहा आंबे दिले असता बदल्यात डाळिंबे किती यावीत? कागद-पेन्सिल घेऊ नका. रात्रीची खिचडी शिजेपर्यंतचा वेळ पुष्कळ झाला.